साडूला झालेली कावीळ

माझ्या साडूचे डोळे पिवळे झाले तेव्हा मला त्यांचा जसा हेवा वाटला, तसा त्यांच्या जीपचा किंवा जालन्याच्या मोंढा-बाजारातल्या त्यांच्या दबदब्याचाही कधी वाटला नव्हता. डोळे कसे, तर हळकुंड उगाळून भरल्यासारखे. नखं पिवळी, जीभ पिवळी. आजार असावा तर असा. दारातून आत येणाऱ्याला काही विचारावं लागत नाही आणि आजाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

त्याच महिन्यात मी त्यांच्यापेक्षा मोठा आजार घेऊन घरात बसलो होतो आणि तो कुणाला दिसत नव्हता.

माझ्या आजाराचा शोध लागला तोही साडूंच्याच कृपेनं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्या घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. बी-बियाणं आणि खतांचा मोठा व्यापार. सन दोन हजार उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दाजींनी रक्तदान शिबिर भरवलं. मांडव एवढा की त्यात दोन लग्नं सहज लागली असती. व्यासपीठावरच्या खुर्च्या खालच्या खाटांपेक्षा जास्त होत्या, आणि खाटांवर निघालं त्यापेक्षा जास्त रक्त भाषणांत सांडलं. दाजींनी स्वतः काही रक्त दिलं नाही.

"मी संयोजक हाय, मास्तर," ते म्हणाले. "संयोजकच आडवा झाला तर शिबिर उभं कसं राहील?"

मी शाळेत इतिहास शिकवायचो आणि दाजी त्या शाळेच्या संस्थेवर होते. त्यामुळं आम्ही सगळे शिक्षक एका रांगेत आडवे झालो. रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, स्टीलचा डबा घेतला आणि मस्तगडच्या चढावरच्या घरी येऊन झोपलो. झोपेत मला तशी कधीच अडचण नव्हती. जागं राहण्यात होती.

काही आठवड्यांनी रक्तपेढीतून शाळेत फोन आला, की सरांना येऊन भेटून जायला सांगा. मला वाटलं, प्रमाणपत्रावर नाव चुकलं असेल. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं. दार लोटून आपल्याकडं कुणी प्रमाणपत्र देत नाही.

माझ्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला होता. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. हा यकृताचा आजार, रक्तातून पसरणारा. एकत्र जेवल्यानं, एका भांड्यातलं पाणी प्यायल्यानं लागत नाही. दाढीचं ब्लेड तेवढं वेगळं ठेवा, दारू पीत असाल तर सोडा. पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोटातला अल्सर फुटून माझं ऑपरेशन झालं, तेव्हा कुणाकुणाच्या बाटल्या माझ्यात रिकाम्या झाल्या होत्या. त्या काळी रक्ताची ही तपासणीच नव्हती, बाई म्हणाल्या. तेव्हापासून असण्याची शक्यता आहे. पण एका चाचणीवर सगळं ठरत नाही. औरंगाबादला तज्ज्ञांना दाखवून पुढच्या तपासण्या करून घ्या, आणि लांबणीवर टाकू नका.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही त्रास?"

"नाही."

"थकवा येतो?"

"तो आजार नाही बाई, स्वभाव आहे. घरी विचारा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, सुरुवातीला यात बहुतेकांना काहीच होत नाही. वर्षानुवर्षं होत नाही. आणि झालं तर असं काहीतरी होतं, की माणूस त्याला आजार म्हणत नाही. थकवा, जेवणावरून मन उडणं, सांधे दुखणं, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली जडपणा. डोळे पिवळे होतीलच असं नाही. पुष्कळांचे होतच नाहीत."

रहस्यकथेत खुनी कोण ते कळल्यावर पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचावं, तशी घरी जाताना मी माझी मागची दहा वर्षं वाचून काढली. संध्याकाळी वाचनालयात जाणं कधी सुटलं, ते आठवलं. मी कारण दिलं होतं, की हल्ली वाचण्यासारखं काही येत नाही. भजी नकोशी झाली तेव्हा मी तेलाला दोष दिला होता. सकाळी बोटं आखडायची त्याचं खापर खाटेवर फोडून खाट बदलली होती. रात्री तळहात खाजायचा तेव्हा बायको म्हणायची, पैसा येणार. पैसा आला नाही, खाज मात्र रोज यायची. बरगडीखालचं ओझं हरभऱ्याच्या डाळीच्या नावावर होतं. उत्साहाच्या भरात मी अर्धवट राहिलेली पीएचडीसुद्धा यकृताच्या खात्यावर टाकायला निघालो होतो. पण निघताना बाईंनी बजावलं होतं, की सगळंच याच्या माथी मारू नका, काही वयाचंही असतं. म्हणून ती परत माझ्याकडं घेतली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायच्या आधी आनंद झाला. घरात मी आळशी म्हणून प्रसिद्ध होतो. ही कीर्ती मी कमावलेली नव्हती, तिला काही कारण होतं, आणि ते कारण आता मी बायकोला सांगणार होतो.

घरी पोचलो तर बायको चपला पायात सरकवत होती.

"अहो, जल्दी चला. दाजीला कावीळ झाली."

"मलाही," मी म्हणालो.

"काय मलाही?"

"कावीळ. पण वेगळी, रक्तातली. आत्ता रक्तपेढीत सांगितलं."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि भाजी निवडताना पान उलटं करून बघावं तशी माझी खालची पापणी ओढून बघितली.

"पांढरेशुभ्र हायेत डोळे. दुसऱ्याला काही झालं, की तुम्हाला कसं हो बराबर तेच होतं? मागं दाजीचा पाय मुरगळला तर तुमचा गुडघा दुखाया लागला."

गुडघा खरंच दुखत होता. पण तो दाजींच्या पायाच्या मुहूर्तावर दुखला, हा त्याचा दोष.

दाजींच्या दिवाणखान्यात दरबार भरला होता. दिवाणावर पांढरी चादर, तिच्यावर पिवळे दाजी. रंगसंगती इतकी उठावदार की कुणी मुद्दाम मांडली असावी. उसाचा रस आला होता, पपया आल्या होत्या, मुगाचं वरण चार घरांतून आलं होतं. प्रत्येक माणूस एकेक इलाज घेऊन येत होता आणि चहा घेऊन जात होता. तो वाढदिवसवाला पुढारीही येऊन गेला. दाजींचा हात हातात घेऊन त्यानं फोटो काढून घेतला. जालन्यात तेव्हा टँकरच्या पाण्यावर दिवस निघत होते आणि कावीळ गल्लोगल्ली होती. दाजींच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की ही पाण्यातून आलेली आहे, विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या, आपोआप उतरेल. आपोआप उतरणं दाजींच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. त्यामुळं रविवारी काविळीची माळ घालून घ्यायला जायचं ठरलं होतं.

"मास्तर, तुम्हाला पण झाली म्हणं?" दाजींनी विचारलं. बायकोनं बहिणीला सांगितलं होतं आणि बहिणीनं जगाला. "या इकडं, दाखवा बरं."

मी गेलो. दाजींनी माझे डोळे बघितले, शेजारच्या व्यापाऱ्याला दाखवले.

"हे तर कोरं कापड हाय!"

"याला रंग नसतो," मी म्हणालो.

"रंग न्हाई?" व्यापाऱ्यानं विचारलं. "मंग कावीळ कशावरून?"

"रक्त तपासलं."

"रक्तात तर साखर पण असती सर. म्हणून कोणी गोड लागतं का?"

हशा झाला. हा युक्तिवाद नाही हे मला कळत होतं, पण उसाचा रस पिणाऱ्या दहा माणसांपुढं मी एकटा होतो. माझ्या वाट्याला चहा आला. कावीळवाल्याला चहा देत नाहीत, म्हणजे मी निरोगी असल्याचा तो दाखलाच होता.

रविवारी दाजींच्या जीपमधून आम्ही निघालो. दाजी पुढं, उशीला टेकून. मागं मेहुणी, बायको आणि मी. कुंभार पिंपळगावच्या पलीकडं एका वस्तीवर एक म्हातारे शेतकरी काविळीचं औषध द्यायचे. पैसे घेत नसत, नारळ तेवढा चाले. ओसरीपुढं ही लांब रांग. बाबा रोग्याच्या हातांना चुना लावत, पितळेच्या परातीत पाणी घालून हात चोळायला लावत. पाणी पिवळं झालं की कावीळ खरी. मग कुठल्याशा काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली माळ डोक्यावर ठेवत. माळ दिवसागणिक लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असा समज. या प्रकारावर मी पूर्वी एका साप्ताहिकात लेख लिहिला होता. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. त्यात कावीळ कुठं येते, असा त्याचा सूर होता. लेख तीन माणसांनी वाचला असावा आणि त्यांतलं रांगेत कुणी नव्हतं.

दाजींनी हात चोळले. पाणी पिवळंधमक झालं. रांगेतल्या बायांनी "आगं बाई" केलं. दाजींनी परातीकडं असं बघितलं, जसं एखाद्यानं आपल्या शेतातल्या विहिरीला लागलेल्या पाण्याकडं बघावं.

"बाबा, ह्यांचे पण बघा ना," बायको म्हणाली. "ह्यांना दवाखान्यात काहीतरी सांगितलंय."

मी नको म्हणायला हवं होतं. तिचं वाक्य संपायच्या आत माझे दोन्ही हात पुढं गेले होते. बाबांनी चुना लावला, पाणी घातलं, मी चोळू लागलो. मनात एकच इच्छा होती, की पाणी पिवळं व्हावं. थोडंसं का होईना. दाजींइतकं नको, पण बायकोला दिसेल एवढं. मी तळव्यावर तळवा घासला, बोटांच्या बेचक्यांतून घासला. पाणी ताकासारखं पांढरं राहिलं.

"न्हाई," बाबा म्हणाले. "ह्यांला काई न्हाई."

"नीट बघा," मी म्हणालो. "अजून चोळतो."

"मास्तर," बाबा म्हणाले, "चोळून कावीळ येत न्हाई."

सगळी रांग हसली. जीपजवळ उभा असलेला दाजींचा ड्रायव्हर हसता हसता म्हणाला, "मास्टरसाब, उम्मीद मत छोडो. अगले इतवार कू फिर आयेंगे."

ज्याच्या विद्येवर मी लेख लिहिला होता त्यानंच मला निरोगी ठरवलं, आणि तेही बायकोसमोर. परतीच्या वाटेवर ती खुशीत होती. तिनं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, सोलून सोलून माझ्या हातावर ठेवल्या. "आता औरंगाबादचा खर्चा कशाला? काही न्हाई म्हणले ना बाबा." मी रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलायला लागलो तर म्हणाली, "दिवाळीनंतर बघू." आणि जरा वेळानं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. तेव्हा लक्षात आलं, की तीही घाबरलेली होती, आणि चुन्याच्या पाण्यानं तिची सुटका केली होती. ती सुटका मोडायची माझ्यात ताकद नव्हती. ताकद नसणं हाच माझा आजार होता, पण ते सांगून कुणाला पटलं असतं?

पुढचे दिवस माळेचे होते. दाजी सकाळी माळ दाखवत, संध्याकाळी दाखवत. कानापर्यंत आली, गळ्यात उतरली, छातीवर आली. सोन्याची साखळीही त्यांनी कधी इतक्या कौतुकानं मिरवली नव्हती. मी काड्या वाळण्याचं कारण सांगितलं.

"बराबर हाय तुमचं," दाजी म्हणाले. "तुमच्या डोक्यावर ठेवून बघू का? उतरती का बघू."

मी नको म्हणालो, पण खरं तर मला ती हवी होती. माळेवर विश्वास नव्हता, पण काय उतरलं आणि किती राहिलं हे अंगावर घालून दाखवता येईल असं काहीतरी माझ्याकडं असावं, असं फार वाटायचं. दाजींच्या आजाराला मोजपट्टी होती. त्यांचा पिवळेपणा रोज फिका होत होता, भूक परत येत होती, आवाज तर कधी गेलाच नव्हता. इकडं मी तिसऱ्या तासाला फळ्याला टेकून राज्यकारभार शिकवत होतो आणि पोरं म्हणत होती, सर आज मूडमध्ये न्हाईत.

दाजी बरे झाले. रिवाजाप्रमाणे माळ झाडाला बांधली आणि गोदामासमोर जेवण घातलं. पुरणपोळीच्या पंगती. आमच्याकडं यजमानाच्या साडूनं पंगतीत बसायचं नसतं, वाढायचं असतं. माझ्या हातात कटाच्या आमटीची बादली आली. एक ओळ वाढली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर हात हलेनासा झाला. दुखत नव्हता, फक्त त्यात कुणी राहत नव्हतं. मी बादली खाली ठेवली आणि दोन पाहुण्यांच्या मध्ये रिकाम्या जागी बसलो.

दाजी पंगतीच्या टोकाला उभे होते. त्यांनी वरच्या पट्टीत विचारलं, "काय मास्तर! पाहुण्यांच्या आधी वाढपीच बसले? आमटी काय चालत चालत जाऊन राह्यली का लोकांच्या पानात?"

लोक हसले. लग्न झाल्यापासून दाजींचं एकही वाक्य मी उत्तराशिवाय जाऊ दिलेलं नव्हतं. माझ्याकडं ना जीप होती ना दुकान. उत्तर तेवढं होतं. तेव्हाही उत्तर आलं, चांगलं होतं, शिबिरातल्या संयोजकाविषयी होतं. पण ते जिभेपर्यंत उचलून आणणं बादलीइतकंच जड झालं. मी पत्रावळीकडं बघत राहिलो.

बायको पोळ्यांची टोपली घेऊन समोर उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली, बादली उचलली आणि उरलेल्या ओळीत आमटी वाढली. दाजींच्या पुढं गेल्यावर म्हणाली, "हसू नका, दाजी." एवढंच.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "तुम्ही दाजीला उलटं बोलला न्हाईत."

"सुचलं नाही."

"खोटं. मी तोंडाकडं बघून राह्यले होते ना तुमच्या. सुचलं होतं. सुचलं होतं आन् तुम्ही बोलला न्हाईत."

मस्तगडचा चढ लागला तेव्हा ती म्हणाली, "उद्या औरंगाबादला जाऊ."

गेलो. तपासण्या पुन्हा झाल्या, आणखी झाल्या. आजार होता. विषाणू रक्तात जिवंत होता. यकृत अजून फारसं बिघडलेलं नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं. महिनोनमहिने घ्यायची इंजेक्शनं होती, महाग होती, घेताना ताप येईल, आणखी थकवा येईल, आणि सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हे डॉक्टरांनी काही न लपवता सांगितलं. मग तोच प्रश्न विचारला.

"काही त्रास होतो?"

मी सवयीनं "नाही" म्हणायला तोंड उघडलं. पण बायको आधी बोलली.

"होतो. जेवताना चौथा घास घेतला की पाणी पितात आन् उठतात. रात्री हात खाजवतात, झोपेत पण. पेपर तपासता तपासता मान खाली जाती. सकाळी शर्टाच्या गुंड्या लावाया येळ लागतो. वाचत नाहीत पहिल्यासारखं, नुसतं पुस्तक धरून बसतात. मी म्हणायचे, आळस हाय."

"आळसाची तपासणी आमच्याकडं होत नाही," डॉक्टर म्हणाले आणि लिहीत राहिले.

पुस्तक धरून बसतो, हे तिला कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी पानं उलटायचो ना.

त्यानंतर माझ्याकडंही लोक येऊ लागले. फार नाही, थोडे. ते बसत, माझ्या डोळ्यांकडं बघत, नखांकडं बघत. बघण्यासारखं काही न सापडल्यानं चहा पिऊन जात. बायको मला पाण्याची कळशी उचलू देत नव्हती आणि येणाऱ्या प्रत्येकाला "ह्यांना थकवा हाय" असं वकिलासारखं सांगत होती. ज्यासाठी मी परातीत हात घासले ते सगळं मला मिळत होतं. मला फक्त झोपायचं होतं.

पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दाजी आले. आमची खोली वरच्या मजल्यावर. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. खुर्ची जवळ ओढून बसले आणि विचारलं, "मास्तर, खरं सांगा. आतून कसं वाटतं?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं, "सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते."

"मला असलं काई न्हाई झालं," ते म्हणाले. "मी नुसता पिवळा होतो. आन् आता तर बिलकुल गेली. तुमची कधी जाईल म्हणतात?"

"जाईल की नाही, हेच बघायचंय."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओशाळल्यासारखे झाले. आपण बरे झालो, यात आपलं काही चुकलं की काय, अशा चेहऱ्यानं उठले. मग खालून ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि दाजी पुन्हा दाजी झाले. "आलो, आलो, काय बोंबलून राह्यला!" असं ओरडत जिना उतरायला लागले. पन्नाशी उलटलेला, भरलेल्या अंगाचा माणूस दोन-दोन पायऱ्या सोडून उतरत होता. मधेच थांबून काहीतरी विसरलं म्हणून पुन्हा चार पायऱ्या वर आला, खिसे चाचपले, हसला, आणि परत धाडधाड खाली गेला. चार पायऱ्या, उगीचच. मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत होतो.

"काय ऐकून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"दाजी जिना उतरले."

"मंग?"

"हेवा वाटला."

तिनं माझ्याकडं जरा निरखून बघितलं. पापणी ओढून बघितली नाही. कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "सांगते त्यांना. लई खूश होतील."